राजेसाब बावर्चीचं नाक

समजा, तुमच्यासमोर कल्हईच्या थाळीत वेलदोडे ठेवले आहेत. मागे चुलाणं धडधडून पेटली आहेत, देगीतलं तूप तापत आलं आहे आणि मांडवातली माणसं हातातली कामं टाकून तुमच्या बोटांकडे पाहत आहेत. एक वेलदोडा उचला. दोन बोटांत धरून दाबा. साल कडकन फुटली तर माल सुका; दाबताना नरम वाटली तर सादळलेला. आतले दाणे बघा. काळे, चिकट, एकमेकांना धरून बसलेले असतील तर माल पोसलेला. तांबूस, सुटे, खुळखुळणारे असतील तर कोवळ्यात तोडलेला किंवा जुना. इथवरचं काम डोळ्यांनी आणि बोटांनी होतं. आता तो वेलदोडा नाकाशी न्या आणि सांगा, हा लग्नाच्या गोड भातात घालायचा की दुकानदाराला परत करायचा?

आणि असं समजा, की तुमच्या नाकाला काहीच कळत नाही. सर्दी नाही, पडसं नाही. श्वास नीट चालतो. पण वास म्हणून जगात जे काही आहे, ते तुमच्यापुरतं संपलं आहे. आणि मांडवातल्या एकालाही हे कळता कामा नये.

सोलापुरात बेगम पेठेत राहणारा राजेसाब बावर्ची हे काम कितीतरी वर्षं करत होता.

लग्नाच्या देगा उतरवायचं काम त्याच्या घरात बापापासून चालत आलेलं. देग म्हणजे एखादं पोर आत उभं राहील एवढं तांब्याचं भांडं. मसाला यजमानानं आणायचा, पण तो तुपात पडण्याआधी बावर्चीनं चारचौघांत पारखायचा, ही त्यांच्या घराची रीत. राजेसाब वेलदोडा फोडायचा, डोळे मिटून नाकाशी धरायचा, आणि मांडव गप्प व्हायचा. मग एकतर ‘बिस्मिल्ला’ म्हणून तो पहिला वेलदोडा तुपात सोडायचा, नाहीतर मान हलवायचा. मान हलली की अख्खी पिशवी परत. मंगळवार पेठेतला किराणा दुकानदार शिवपुत्र हा दुधनीकडचा माणूस. तो हसत म्हणायचा, “राजेसाब, तुमचं नाक मला माझ्या तराजूपेक्षा महाग पडतंय की हो!” पण राजेसाबच्या गिऱ्हाइकाला तो जुना माल कधी बांधून द्यायचा नाही.

वेलदोड्याबद्दल राजेसाब बोलायला लागला की थांबत नसे. बिर्याणीत तो अख्खा घालायचा, फक्त तोंड फोडून, तोही सगळ्यात आधी, तुपात. जर्दा म्हणजे केशरी गोड भात. त्यात दाणे साखरेबरोबर कुटून घालायचे, म्हणजे दात लावताना कडवट कण येत नाही. खिरीत भांडं खाली उतरवल्यावरच. आधी घातला तर वास वाफेबरोबर उडून शेजाऱ्याच्या घरी जातो आणि आपण नुसतं दूध पितो, असं तो म्हणायचा. यात शास्त्रही होतं. वेलदोड्याचा वास म्हणजे दाण्यातलं तेल, आणि ते आचेनं उडतं. तूप त्याला धरून ठेवतं, पाणी ठेवत नाही. राजेसाबला हे तेल-बिल माहीत नव्हतं. त्याला बापाचा हात माहीत होता.

लोक औषध विचारायलाही यायचे. उचकी थांबत नसेल तर वेलदोड्याची सालं जाळून ती राख मधातून चाटवायची. पोटुशी बाईला मळमळत असेल तर दाणे भाजून खडीसाखरेबरोबर. मटण जड झालं तर जेवणानंतर एक वेलदोडा सावकाश चघळायचा, गिळायची घाई नको. गिरणीतले कामगार घशात कापसाचे तंतू बसतात म्हणून खोकत यायचे, त्यांनाही तो वेलदोडाच द्यायचा. “खोकला जाईल असं न्हाई म्हणत मी,” असं वर सांगायचा, “पण तोंडाची चव तरी जागेवर येईल की.”

त्याच्या स्वतःच्या तोंडाची चव मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली.

त्या साथीत बेगम पेठेतल्या घराघरातून माणसं उचलली गेली. राजेसाब तापानं बेशुद्ध पडला होता. त्याच दिवसांत त्याचा लहानगा मुलगा गेला. बापाला मातीही देता आली नाही. शमशादनं, त्याच्या बायकोनं, एकटीनं सगळं पाहिलं. लेकराला आंघोळ घातली, कफनाला कापूर लावला, तेव्हा ती तिथंच बसून होती. त्यानंतर तिनं घरात कापूर येऊ दिला नाही. रस्त्यानं कुणाचा जनाजा चालला, की ती दार लावून घ्यायची. “मला आदी वास येतो, मग माणसं दिसतात,” असं ती म्हणायची.

ताप उतरला. राजेसाब उठून बसला, खायला लागला, आणि सगळं भुसा खाल्ल्यासारखं लागायला लागलं. गोड कळायचं, खारट कळायचं, तिखटानं जीभ भाजायची; बाकी काही नाही. जिभेला एवढंच कळतं, पुढचं सगळं नाक करतं, हे त्याला तेव्हा समजलं. एके सकाळी त्याच्यासमोर चुलीवर दूध करपून काळं झालं आणि तो शेजारी बसून विडी ओढत राहिला. शमशाद परसातून धावत आली.

“अहो, नाक गेलं का काय तुमचं?”

ती थट्टेनंच म्हणाली होती. त्यानं तिचा हात इतक्या जोरानं धरला, की बांगडी फुटली.

“कुणापाशी बोलायचं न्हाई. नूरबीपाशी पण न्हाई. कळलं?”

नूरबी त्यांची मुलगी, तेव्हा लहान होती. तिला पुढे बरीच वर्षं काही कळलं नाही.

तेव्हापासून शमशाद त्याच्याबरोबर लग्नाला जायला लागली. बायका कनातीच्या, म्हणजे कापडी पडद्याच्या आड बसून कांदा-लसूण सोलायच्या, मसाले निवडायच्या; तिथं तीही बसायची. यजमानाकडचा वेलदोडा आधी तिच्याकडे जाई. ती वास घेई आणि थाळी बाहेर पाठवी. थाळीवर फडकं झाकलेलं असलं तर माल चांगला. थाळी उघडी आली तर परत करायचा. मग राजेसाब सगळ्यांसमोर वेलदोडा फोडायचा, डोळे मिटायचा आणि तिनं आधीच सांगितलेलं आपल्या तोंडानं सांगायचा. शिजत असताना मीठ-साखर तो चाखायचा. दम बसला का, भात खाली लागला का, हे ती पडद्याआडून खोकून कळवायची. गावात त्याच्या नाकाची कीर्ती साथीच्या आधीपेक्षा वाढली.

“माझं नाक उसनं घेताय तर त्याला एक नथ तरी करा की,” शमशाद कधीतरी म्हणायची.

“करू की.”

“कवा?”

“करू म्हटलं न्हवं!”

नथ काही झाली नाही. झाली नाही म्हणून तिनं तोंडही वाईट केलं नाही. निदान त्याला ते दिसलं नाही. तिच्या तोंडाकडे तो फारसं बघायचा नाही. तिच्या डोळ्यांत आपलं गुपित दिसतं, असं त्याला वाटायचं, आणि त्यापायी तिच्यावर उगाच राग यायचा. मांडवात कुणी “वा, काय नाक आहे!” म्हटलं, की तो मिशीवर हात फिरवायचा. घरी येऊन मात्र तिच्या भाकरीला नावं ठेवायचा.

सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, त्याच्या पुढच्या साली चामड्याचे व्यापारी रहिमतुल्ला यांच्या मुलीचं लग्न निघालं. वरात अक्कलकोटहून यायची होती. अख्ख्या पेठेत एवढं मोठं लग्न मागे झालं नव्हतं, आणि देगा राजेसाबच्या, हे आधीच ठरलेलं. माल शिवपुत्राच्या दुकानातला. राजेसाब सकाळीच चुलाणं आखून बसला होता. तेवढ्यात येडू धनगर बोकडांचा हिशेब चुकता करून मांडवात रेंगाळला. येडू तोंडाचा मोकळा. ओळखीचा म्हणून सगळे त्याचं ऐकून घ्यायचे.

“राजेसाबमामा,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “दर लग्नाला मावशीला संगं आणताय जनू. मला कदीमदी वाटतं, नाक तुमचं हाय का मावशीचं?”

माणसं हसली. त्या बोलण्यात काही नव्हतं. येडू असली थट्टा रोज करायचा, आणि हसून सोडून दिलं असतं तर ती तिथंच विरली असती. पण राजेसाबला ती थट्टा वाटली नाही. त्याला वाटलं, याला कळलं. आज याला कळलं, उद्या पेठेला कळणार. तो उठून उभा राहिला आणि नको तेवढ्या मोठ्या आवाजात बोलला.

“बाईच्या नाकाला धुराबिगर काय कळतंय रे? तिला मी कांदे कापायला आणतो! घरात बसून खाण्यापरीस चार कांदे कापंल!”

पुन्हा हशा झाला. कनातीच्या आडही बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, “ऐकलंस का गे शमशाद?” आत खलबत्ता चालू होता, तो थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

मग थाळी आली. फडक्यानं झाकलेली.

राजेसाबला हायसं वाटलं. त्यानं फडकं बाजूला केलं. वेलदोडे पांढुरके, भरलेले, दिसायला देखणे होते. त्यानं एक फोडला. साल कडकन वाजली, दाणे काळे, चिकट. येडूकडे बघत त्यानं तो नाकाशी धरला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटले.

“बिस्मिल्ला,” तो म्हणाला, आणि वेलदोडा तुपात गेला.

मांडवात धूर होता, ओलं जळण होतं, बोकडाचं मांस शिजत होतं. त्या गर्दीत तुपातल्या चार वेलदोड्यांचा वास कुणाला वेगळा काढता आला नसता. बाकीचे दाणे साखरेबरोबर कुटले गेले. भाताचे थर लागले, वर झाकण बसलं, झाकणाची कड कणकेनं लिंपली आणि वर निखारे ओढले. दम द्यायचा म्हणजे हेच. आतली वाफ आत कोंडायची, वासाला बाहेर वाट ठेवायची नाही.

निकाह लागला. पाहुणे जेवायला दस्तरखानावर, अंथरलेल्या कापडाभोवती बसले. रीतीप्रमाणे जर्द्याची देग वडीलधाऱ्यांसमोर फोडायची होती. राजेसाबनं कणीक खरवडली आणि झाकण उचललं.

वाफ वर आली, पसरली, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्यांचे चेहरे बदलले. नवरदेवाचा आजा ‘तौबा’ म्हणत उठून उभा राहिला.

“कापूर,” तो म्हणाला. “काफूर आहे हा.”

दुसऱ्यानं तोंडावर रुमाल धरला. बायकांच्या बाजूला कुजबुज पोहोचली, आणि नवरीची आई एकदम रडायला लागली. कापराचा वास मुसलमानाच्या घरात एकाच प्रसंगी येतो. मयताला आंघोळ घालून कफन चढवताना. लग्नाच्या गोड भातातून तो वास उठला, याचा अर्थ काय, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

कसं घडलं, ते नंतर कळलं. शिवपुत्राच्या नोकरानं नवा वेलदोडा कापराच्या रिकाम्या पेटीत ओतून ठेवला होता. वेलदोडा शेजारचा वास पटकन ओढून घेतो. त्यातून त्याच्या स्वतःच्या वासातही कापराचा एक धागा असतोच, त्यामुळे थंड असताना ती मिसळ सहज उमगत नाही. तिथंच तर पारखणाऱ्याचं नाक लागतं. गरम वाफेत, कोंडून बाहेर पडल्यावर, तो वास लहान मुलालाही कळतो.

पण त्या क्षणी मांडवातली सगळी माणसं राजेसाबकडे बघत होती. त्याला एवढंच दिसलं, की काहीतरी भयंकर झालं आहे. काय झालं, ते त्याला ऐकू आलं होतं. नाकाला कळलं नव्हतं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यानं तेच केलं, जे तो नेहमी करायचा. देगीवर वाकला, डोळे मिटले, खोल श्वास घेतला.

“कुटला कापूर?” तो म्हणाला. “वास तर झकास हाय की.”

येडू धनगराचं तोंड उघडं राहिलं होतं. रहिमतुल्ला राजेसाबकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू गेला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. राजेसाबला शिव्या चालल्या असत्या. ते बघणं त्याला सोसवलं नाही. त्याच्या त्या एका वाक्यानं सगळ्यांना सगळं सांगितलं होतं.

वरात न जेवता परतली. लग्न मोडलं नाही, पण त्या मुलीला सासरी जन्मभर ‘कापराची’ म्हणून टोचून बोललं गेलं, असं ऐकू यायचं. राजेसाबला पुन्हा कुणी लग्नाच्या देगांना हात लावू दिला नाही. काही महिन्यांनी त्याच्या देगा मोडीत, तांब्याच्या भावानं गेल्या. तो गिरणीच्या फाटकाजवळ एका चहाच्या दुकानात कामाला लागला. मालक काटकसरी. वेलदोड्याचे दाणे मिठाईवाल्याला विकायचा आणि चहात नुसती सालं टाकायचा. राजेसाब सालं उकळायचा. कामगार कप नाकाशी धरून “वा” म्हणायचे, आणि तो दुसरीकडे बघायचा.

शमशादशी त्यानं बोलणं टाकलं. एका खोलीत राहून जे बोलायचं ते नूरबीमार्फत. “अम्मीला म्हणावं, पाणी दे.” “अम्मीला म्हणावं, दार लाव.” शमशाद समोरच असायची. पाणी द्यायची, दार लावायची. कधीमधी शेजारच्या बायका तिला चिडवायच्या, “काय गे, थाळी कशी झाकलीस तू?” त्यावर ती घागर उचलून चालू लागायची.

एकदाच ती आपणहून बोलली. तो जेवत होता, नूरबी विहिरीवर गेली होती.

“मला इचारा तरी,” ती म्हणाली.

“काय इचारायचं?”

“काय ते तुमाला म्हाईत हाय.”

त्याच्या जिभेवर प्रश्न आला होता. पण विचारलं असतं, तर त्याआधी मांडवातलं ते वाक्य, ते कांदे, ते घरात बसून खाणं, सगळं पुन्हा तोंडातून काढावं लागलं असतं. मुद्दाम केलं, असं ती म्हणाली असती, तर तिचं म्हणणं त्याला मान्य करावं लागलं असतं. तो ताट सारून उठला.

“नक्को,” तो म्हणाला. “काय इचारायचं न्हाई मला.”

त्यानंतर तिनं विषय काढला नाही.

नूरबीचं लग्न दुधनीला झालं, साधंच. पुढे शमशादच्या पोटात काहीतरी बिघडलं. अन्न ठरेना, आणि दिवसभर उचकी. डॉक्टरांचं औषध उलटून पडायचं. नूरबी माहेरी आली. तेव्हा राजेसाब शिवपुत्राच्या दुकानात गेला. त्या लग्नानंतर पहिल्यांदाच. शिवपुत्र आत गेला आणि हिरवा, ताजा वेलदोडा घेऊन आला. पैसे त्यानं घेतले नाहीत. राजेसाबनं घरी येऊन सालं जाळली, राख मधात कालवली. दाणे कुटून कोमट पाण्यात टाकले. नूरबी दारातूनच म्हणाली, “अब्बा, सगळं घर घमघमतंय की!”

त्यानं स्वतः शमशादच्या डोक्याखाली हात घातला आणि वाटी तिच्या तोंडाला लावली. किती वर्षांनी तो तिच्या इतक्या जवळ बसला होता. ती दोन घोट प्याली. थांबली. वाटीवर नाक नेलं आणि त्याच्याकडे बघितलं.

“याला वासच न्हाई,” ती म्हणाली.

नूरबी हसली. “अम्मी, काय बोलतीस? रस्त्यापतूर वास गेलाय.”

“मला न्हाई येत.”

राजेसाबनं वाटी खाली ठेवली. “कवापासनं?” त्यानं विचारलं. “शमशाद, कवापासनं येत न्हाई?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ते हसू होतं, की उचकी येऊ घातली होती, हे त्याला ओळखता आलं नाही. मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आता राजेसाब म्हातारा झाला आहे. चहाचं दुकानही सुटलं. नूरबी माहेरी आली, की तो तिला तेच विचारतो. अम्मी भाकरी करपू द्यायची का? तूप खवट झालेलं तिला कळायचं का? रस्त्यानं जनाजा जाताना ती दार लावून घ्यायची, ते शेवटी शेवटी कधी पाहिलं होतंस? नूरबीला काही नीट आठवत नाही. कधी म्हणते, अम्मीला सगळं कळायचं. कधी म्हणते, एकदा दूध नासलेलं तिनं तसंच दिलं होतं. मग वैतागून म्हणते, “अब्बा, आता काय करायचंय त्याचं?”

त्याला करायचं काहीच नाही. तिचंही नाक गेलं असेल, तर ती त्याच्यासारखीच भीत होती. सांगितलं तर दोघांचंही पोट जाईल म्हणून अंदाजानं थाळ्या झाकत होती, आणि त्यानं तिला विनाकारण टाकलं. आणि नाक शाबूत असेल, तर ज्या कापराच्या कफनात तिचं लेकरू गुंडाळलं होतं, तो कापूर तिनं ओळखला, आणि त्या कांद्यांच्या बोलण्यासाठी मुद्दाम आपल्या हातांनी थाळीवर फडकं ओढलं. दोन्हींतलं कुठलं खरं निघावं, हेही त्याला ठरवता येत नाही. ओसरीवर बसून तो कधीकधी मोठ्यानं बोलतो, आणि शेजारच्यांना वाटतं, म्हातारा कुणाला तरी हाक मारतोय.

“शमशाद, त्या दिवशी तुला वास आला हुता का गे?”